हरल्यानंतरचा गुरुवार

मेलबर्नमध्ये शनिवारी संघ हरला, की त्यावरून सुरू झालेल्या भांडणाचा निकाल गुरुवारी लागतो. गुरुवारी संध्याकाळी ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे, म्हणजे एएफएलचे, संघ जाहीर होतात. प्रत्येक क्लबच्या नावाखाली दोन ओळी असतात: आत कोण आणि बाहेर कोण. बाहेर गेलेल्याच्या नावापुढे कंसात कारण असतं. हॅमस्ट्रिंग, कंकशन, निलंबित, विश्रांती, नाहीतर नुसतंच 'वगळला'. चार दिवस ट्राममध्ये, ऑफिसात, शाळेच्या फाटकापाशी 'अमक्याला आधी काढा' म्हणून ज्यांनी घसा कोरडा केलेला असतो, ते या दोन ओळी आधी वाचतात आणि मग जेवायला बसतात.

मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी माणसाला हा खेळ सुरुवातीला कळत नाही, पण हा वाद लगेच कळतो. संघ हरला की कुणाला काढायचं, यावर आपलं सगळं बालपण गेलेलं असतं. मात्र क्रिकेटची सवय इथे थोडी आड येते. क्रिकेटमध्ये पाचव्या क्रमांकाचा फलंदाज चालला नाही तर त्याच्या जागी दुसरा आणता येतो आणि बाकीचे दहा जण आपापल्या जागी राहतात. ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये एक माणूस बदलला की निदान चार-पाच जणांची कामं सरकतात. पराभवानंतरच्या बहुतेक वादांत हीच गोष्ट निसटते. म्हणून निवड कशी होते, हे सोमवारपासून गुरुवारपर्यंत सावकाश पाहायला हवं.

त्याआधी मैदान. ते क्रिकेटचंच, लंबगोल. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजे एमसीजी, सुमारे १६० मीटर लांब आणि १४१ मीटर रुंद आहे. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंमधून पायाने मारलेला चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. एका संघाचे अठरा जण मैदानात असतात. ऑफसाइड नाही, त्यामुळे कुणीही कुठेही जाऊ शकतो. निदान पंधरा मीटर लांबून आलेली किक हवेतच झेलली, तर झेलणाऱ्याला थांबून, श्वास घेऊन किक मारता येते. एरवी चेंडू हातातून द्यायचा तर तो मुठीने ठोसायचा, फेकायचा नाही. वीस-वीस मिनिटांची चार क्वार्टर असतात, पण थांबलेला वेळ मोजता प्रत्येक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातं. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज धावतो.

संघाची यादी अजूनही जुन्या रिवाजाने छापतात: तीन-तीन जणांच्या सहा ओळी, वर बचाव, खाली आक्रमण, शेवटी चेंडूमागे फिरणारे तिघे. प्रत्यक्षात सामना सुरू झाल्यावर ही रचना पार विस्कटते. तरी एक हिशेब कायम राहतो. २०१९ पासून नियमच आहे, की मध्यातून खेळ सुरू होताना दोन्ही टोकांच्या पन्नास मीटरच्या कमानीत प्रत्येक संघाचे सहा-सहा जण असले पाहिजेत आणि उरलेले सहा मध्ये. म्हणजे निवड करणाऱ्यापुढे तीन कप्पे येतात. प्रत्येक कप्प्यात उंच किती, चपळ किती, झेल घेणारे किती, जमिनीवरचा चेंडू उचलणारे किती, हे ठरवायचं असतं. शिवाय रक हवा. मध्यात पंचाने उंच फेकलेल्या किंवा सीमेवरून आत टाकलेल्या चेंडूसाठी उडी मारून तो आपल्या माणसाकडे वळवणारा हा सहा फूट सात-आठ इंचांचा गडी. तो सामनाभर एकटा पुरत नाही, म्हणून दुसरा रक घ्यायचा की एखाद्या उंच फॉरवर्डकडून मधूनमधून ते काम करून घ्यायचं, हा वाद दर आठवड्याला असतोच.

मग राखीव बाक. १९७८ पर्यंत अदलाबदल नव्हतीच. एकोणिसावा आणि विसावा असे दोन राखीव असत, आणि एकदा बाहेर गेलेला माणूस परत येत नसे. १९७८ मध्ये मुक्त अदलाबदल आली, १९९४ मध्ये बाकावर तिघे झाले, १९९८ मध्ये चौघे. पुढे त्यालाही लगाम घातला. २०२१ पासून एका सामन्यात जास्तीत जास्त ७५ अदलाबदली. त्यामुळे दम कमी असलेला खेळाडू संघात घेतला की त्याची किंमत दुसरे मोजतात. तो वारंवार बाहेर येतो, आणि बाकीच्यांच्या वाट्याच्या अदलाबदली त्याच्यावर खर्च होतात. टीव्हीवर हा हिशेब दिसत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये अख्खी मधली फळी का ढेपाळली, याचं उत्तर कधीकधी तिथे असतं.

आता पराभवाची रात्र. रागावलेला चाहता मनातल्या मनात पाच-सहा जणांना काढतो. पण त्यांच्या जागी आणायचं कुणाला? एका क्लबच्या यादीत चाळीस-बेचाळीस खेळाडू असतात. युरोपातल्या फुटबॉलसारखं मधेच पैसे ओतून कुणाला विकत आणता येत नाही. खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आहे, आणि नवे खेळाडू नोव्हेंबरच्या ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून, येतात. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावर एक छोटा ड्राफ्ट होतो, त्यातून फार तर एखादा मिळतो. म्हणजे बदली माणूस घरातूनच आणावा लागतो. चाळीसमधले पाच-सात दुखापतीने बसलेले, दोघे-तिघे नुकतेच शाळा सोडून आलेले. उरलेल्यांतून ज्या कामाची जागा रिकामी झाली, ते काम येणारा एखादाच निघतो. कधी तोही निघत नाही.

रविवारी डॉक्टरांचं काम सुरू होतं. डोक्याला मार लागून कंकशन ठरलं, तर २०२१ पासून निदान बारा दिवस खेळता येत नाही. शनिवारी लागलं तर पुढचा शनिवार गेलाच. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा, स्कॅन होतो. हा या खेळाचा जुना शत्रू. पूर्ण वेगात धावताना वाकून चेंडू उचलायचा, तिथेच तो तुटतो. साधी इजा असली तरी दोन-तीन आठवडे जातात. लीगचा सामना-परीक्षण अधिकारी चित्रफिती पाहून कुणी नियमबाह्य धडक दिली, कुणी टॅकल करताना समोरच्याचं डोकं जमिनीवर आपटलं, हे ठरवतो. शिक्षा मान्य नसेल तर क्लब मंगळवारी न्यायाधिकरणापुढे जातो. मंगळवार संपेपर्यंत बाहेर जाणाऱ्यांतली निम्मी नावं अशी आपोआप ठरलेली असतात. त्यात प्रशिक्षकाचा राग, लोभ, मत यांचा काही संबंध नसतो.

सक्तीचे बदल आणि मनाने केलेले बदल हा फरक मराठी वाचकाला एमसीजीवरच्याच एका उदाहरणाने चटकन पटेल. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत गुंडाळला गेला आणि पुढच्या कसोटीसाठी संघात चार बदल झाले. त्यांतले दोन अटळ होते. विराट कोहली रजेवर गेला होता आणि मोहम्मद शमीचा हात मोडला होता. विरारचा पृथ्वी शॉ आणि वृद्धिमान साहा यांना मात्र वगळण्यात आलं. कोहलीच्या जागी फलंदाज न आणता जडेजाला आणलं, म्हणजे त्या जागेचं कामच बदललं. अजिंक्य रहाणेने शतक ठोकलं आणि भारत आठ गडी राखून जिंकला. तेव्हा कोहलीच्या जागी आणखी एक फलंदाज हवा म्हणणारे कमी नव्हते. गुरुवारची एएफएलची यादीही याच नजरेने वाचावी. आधी कंसातलं कारण पाहावं, मग कुणाच्या जागी कोण आलं ते, आणि शेवटी त्या जागेचं काम तेच राहिलं की बदललं ते. प्रशिक्षकाला मागच्या सामन्यात काय खटकलं, ते या तिसऱ्या गोष्टीत सापडतं.

खरा वाद 'वगळला' या शब्दाभोवती असतो. तिथे चाहत्याची नजर आणि प्रशिक्षकाची नजर का जुळत नाही, हे एका माणसावरून पाहू. समजा, आपल्या संघात एक छोटा फॉरवर्ड आहे. पाच फूट आठ इंच, चपळ. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर चेंडूला सहा स्पर्श आणि गोल एकही नाही. रविवारी सगळ्यांच्या बोटाखाली पहिलं नाव त्याचंच येतं.

तिसऱ्या क्वार्टरमधला एक क्षण घेऊ. आपल्या हल्ल्यातून एकच गुण मिळाला. प्रतिस्पर्धी बचावपटूने खांबांजवळून खेळ सुरू केला आणि चेंडू छोट्या किकने बाजूच्या साथीदाराला दिला. तो साथीदार मान वर करून मैदानाच्या मध्याकडे पाहतो. तिथे त्याचा एक माणूस मोकळा आहे. तिथवर किक गेली तर आपला सगळा बचाव उघडा पडेल. आपला छोटा फॉरवर्ड वीस मीटरवरून त्याच्या अंगावर धावत सुटतो. तो पोचत नाही. टॅकल होत नाही, चेंडूला हातही लागत नाही. पण पावलांचा आवाज ऐकून बचावपटू घाई करतो, आणि मध्याकडे जाणारी किक सीमारेषेकडे जाते. चेंडू बाहेर. खेळ पुन्हा सुरू होतो, तोवर आपले सगळे जागेवर आलेले. या सगळ्या खटाटोपाची चेंडूच्या स्पर्शांत नोंद शून्य. टीव्हीच्या चौकटीत तो फार तर अर्धा सेकंद दिसला असेल, कारण कॅमेरा चेंडूबरोबर जातो आणि मैदानात चेंडू नसलेले पस्तीस जण असतात.

आता त्याला काढून रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव खेळाडूंच्या, सामन्यात पंचवीस वेळा चेंडू मिळवणारा एक मिडफिल्डर त्या जागी आणू. तो गुणी आहे, पण अंगावर धावून जाण्याची त्याला सवय नाही. प्रतिस्पर्धी बचावपटूला दोन सेकंद जास्त मिळतात. किक मध्यात पडते, तिथून पुढे, आणि दहा सेकंदांत आपला फुल-बॅक, म्हणजे गोलजवळचा शेवटचा बचावपटू, त्यांच्या सर्वांत उंच फॉरवर्डसमोर एकटा उभा असतो. गोल होतो. सोमवारी खापर फुल-बॅकवर फुटतं. पाणी एका टोकाला मुरतं आणि ओल दुसऱ्या भिंतीला दिसते. माझं मत असं, की या खेळात वर्षभरात चुकीच्या माणसावर जितका राग निघतो, त्यातला मोठा वाटा बचावपटू झेलतात, आणि त्यांची चूक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मिनिटभर आधी झालेली असते.

सहा स्पर्शांचा प्रत्येक खेळाडू गुपचूप मोठं काम करत असतो, असा याचा अर्थ नाही. कधीकधी तो खरोखरच काही करत नसतो. मैदानावर जाऊन बसलेला चाहता हे ओळखू शकतो. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना आपला माणूस चालतोय की जागा धरायला धावतोय, हे उंचावरच्या बाकड्यावरून स्वच्छ दिसतं. म्हणून वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात बसणाऱ्या सभासदांचं मत मी आकड्यांइतकंच मोलाचं मानतो.

आकडे पुरवणाऱ्या कंपनीची जन्मकथाही संघनिवडीशीच जोडलेली आहे. १९७० ची अंतिम फेरी. एमसीजीवर १,२१,६९६ प्रेक्षक, हा विक्रम आजही मोडलेला नाही. मध्यंतराला कार्लटन कॉलिंगवूडपेक्षा ४४ गुणांनी मागे. प्रशिक्षक रॉन बरासी यांनी एकोणिसावा माणूस म्हणून बाकावर बसलेल्या टेड हॉपकिन्सला उतरवलं. हॉपकिन्सने दुसऱ्या अर्धात चार गोल केले आणि कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. ज्या काळी बाहेर गेलेला परत येऊ शकत नव्हता, त्या काळी हा निर्णय किती धाडसाचा होता, हे लक्षात घ्या. हॉपकिन्सची कारकीर्द पुढे फार चालली नाही. पण १९९० च्या दशकात चॅम्पियन डेटा या कंपनीच्या स्थापनेत त्याचा मोठा वाटा होता. आज प्रत्येक सामन्यातली प्रत्येक किक, हँडबॉल, टॅकल, झेल आणि अंगावर धावून जाऊन आणलेला दबावसुद्धा ही कंपनी नोंदवते. आपल्या छोट्या फॉरवर्डची ती धाव आता एका वेगळ्या रकान्यात जमा होते. चाहते मात्र अजून बहुधा किती स्पर्श आणि किती गोल, तिथेच थांबतात.

रिझर्व्हचं काय? व्हिक्टोरियातल्या आणि उत्तरेकडच्या क्लबांचे राखीव खेळाडू व्हीएफएल या खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये खेळतात, ॲडलेडच्या दोन्ही क्लबांचे साउथ ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये, वेस्ट कोस्टचे पर्थच्या राज्य लीगमध्ये, आणि फ्रीमँटलचे पील थंडर या क्लबाकडून. तिथे अर्धवेळ खेळणारे सुतार, शिक्षक, विद्यार्थी समोर असतात. तिथल्या तीस स्पर्शांचं वजन वर तेवढं राहत नाही. प्रशिक्षक ती आकडेवारी पाहतातच, पण त्याहून जास्त हे पाहतात, की त्याला दिलेलं काम त्याने केलं का. विंगवर खेळायला सांगितलेला मुलगा चेंडूच्या हव्यासाने मध्यात घुसून तीस वेळा चेंडू मिळवतो, तेव्हा चाहते खूश होतात आणि त्याचं बोलावणं लांबतं.

तरी रिझर्व्हमधून थेट शिखरावर गेलेला माणूसही या खेळाने पाहिला आहे. २०१९ च्या उपांत्य सामन्यात रिचमंडच्या जॅक ग्रॅहमचा खांदा निखळला. अंतिम सामन्यासाठी त्याच्या जागी मार्लियन पिकेट आला. वय २७, त्याच वर्षीच्या मधल्या ड्राफ्टमध्ये घेतलेला, वरच्या स्तरावर एकही सामना न खेळलेला. आधीच्याच आठवड्यात रिचमंडने व्हीएफएलचा अंतिम सामना जिंकला होता आणि त्यात तो सर्वोत्कृष्ट ठरला होता. अंतिम सामन्यात पदार्पण करणारा याआधीचा खेळाडू कॉलिंगवूडचा कीथ बॅचलर होता, १९५२ मधला. पिकेटने २२ वेळा चेंडू मिळवला, एक गोल केला आणि रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं. बाहेरून हा जुगार वाटतो. आतून पाहिलं तर पिकेट अनेक महिने रिझर्व्हमध्ये रिचमंडच्याच पद्धतीने खेळत होता. त्याला नवं काम शिकायचं नव्हतं, तेच काम मोठ्या गर्दीपुढे करायचं होतं.

बुधवारपर्यंत विचार पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळतो. चाहते अजून गेल्या शनिवारच्या जखमा मोजत असतात आणि निवड मात्र येत्या शनिवारसाठी चाललेली असते. समोर तीन उंच फॉरवर्ड असतील तर तिसरा उंच बचावपटू लागतो, मग त्याने रिझर्व्हमध्ये काही मोठं केलेलं नसलं तरी. जिलाँगचं कार्डिनिया पार्क १७० मीटर लांब पण ११५ मीटरच रुंद आहे. तिथे कडेने धावणाऱ्याला जागा कमी, गर्दीत चेंडू काढणाऱ्याला भाव जास्त. एमसीजीवर उलट. पाऊस असेल तर चेंडू साबणासारखा निसटतो, उंच माणसाचे झेल सुटतात, आणि दुसऱ्या रकवर पाणी सोडावं लागतं. मेलबर्नच्याच डॉकलंड्स मैदानाच्या छताखाली हा प्रश्नच येत नाही. पाच-सहा दिवसांतच पुढचा सामना असेल, त्यात पर्थचा चार तासांचा विमानप्रवास असेल, तर तिशी ओलांडलेल्या एखाद्याला 'विश्रांती' मिळते. चाहत्यांना हा शब्द फार खुपतो. आपण हरलोय आणि हे विश्रांती कसली देतात, असं त्यांना वाटतं. पण वर्षाला तेवीस सामने असतात आणि स्पर्धा सप्टेंबरमध्ये जिंकायची असते. पोटरी दुखणाऱ्या माणसाला जूनमध्ये एक आठवडा बसवणं मला शहाणपणाचं वाटतं.

प्रतिस्पर्धी पाहून केलेल्या निवडीचं माझं आवडतं उदाहरण २०२३ च्या अंतिम सामन्याचं आहे. कॉलिंगवूडचा उंच फॉरवर्ड डॅन मॅकस्टे उपांत्य सामन्यात गुडघ्याला लागून बाहेर गेला. समोर ब्रिस्बेन, आणि त्यांचा हॅरिस अँड्र्यूज हा हवेतले चेंडू हेरून झेलणारा अव्वल बचावपटू. कॉलिंगवूडने बिली फ्रॅम्प्टनला घेतलं आणि त्याला फॉरवर्डमध्ये उभं केलं ते अँड्र्यूजला अडकवून ठेवण्यासाठी. चेंडू जिथे पडणार तिथे अँड्र्यूजला मोकळेपणी पोचू द्यायचं नाही, एवढंच काम. अशा माणसाचे गोल मोजणं व्यर्थ आहे. त्याच्या कामाचं मोजमाप समोरच्याने किती झेल घेतले नाहीत, यावर होतं. कॉलिंगवूड चार गुणांनी जिंकलं, ९०-८६.

वगळणं क्रूर असतं, हेही तितकंच खरं. २०१० चा अंतिम सामना कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा यांच्यात ६८-६८ असा बरोबरीत सुटला, आणि तेव्हाच्या नियमाने आठवड्याने पुन्हा खेळवला गेला. प्रशिक्षक मिक मॉल्टहाउस यांनी एकच बदल केला. आदल्या वर्षी राष्ट्रीय मानाच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडल्या गेलेल्या लिऑन डेव्हिसला वगळून टायसन गोल्डसॅकला घेतलं. फेरसामन्यातला पहिला गोल गोल्डसॅकनेच केला आणि कॉलिंगवूड ५६ गुणांनी जिंकलं. विजेतेपदाचं पदक खेळलेल्यांनाच मिळतं. डेव्हिसच्या वाट्याला ते आलं नाही. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, आणि त्या माणसाबद्दल आजही वाईट वाटतं.

हंगाम उतरणीला लागला आणि बाद फेरी गाठण्याची आशा संपली, की वादाची दिशा बदलते. 'पोरांना खेळवा' ही मागणी जोर धरते. तिच्यामागे तर्क आहे. ड्राफ्टमध्ये तळाच्या क्लबाला आधी निवड मिळते, त्यामुळे पराभवाची झळ तितकी लागत नाही, आणि पुढच्या वर्षीचा संघ आत्ताच घडवता येतो. पण अठरा वर्षांच्या उंच मुलाला तिशीच्या, शंभर किलोच्या बचावपटूसमोर उभं केलं तर तो दर चेंडूला बाजूला ढकलला जातो. उंच खेळाडूंना अंगात ताकद भरायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणून प्रशिक्षक नव्या मुलाला बहुधा हाफ-फॉरवर्डला किंवा विंगवर, थोड्या मोकळ्या जागी, सुरुवात करून देतात. पहिला सामना ठरला की सगळ्या संघासमोर त्याला तसं सांगतात, मुलगा आईवडिलांना फोन लावतो, आणि सामन्याआधी घरच्या कुणाच्या किंवा जुन्या सहकाऱ्याच्या हातून त्याला जर्सी देतात. आठवडाभर त्याच्या निवडीला नावं ठेवणारे चाहतेही तेवढ्यापुरते विरघळतात.

या लोकांचा आवाज एवढा मोठा का, याचंही कारण आहे. व्हिक्टोरियातले क्लब सभासदांचे आहेत. सभासद वर्गणी भरतात आणि मतदान करून संचालक निवडतात. एकट्या कॉलिंगवूडचे सभासद एक लाखाच्या वर आहेत. अकरावी वर्गणी भरणाऱ्या माणसाला रक कोण असावा यावर मत असणारच, आणि ते असावंच. संघ निवडण्याचा हक्क त्याला नाही, पण हिशेब मागण्याचा आहे.

सर्वांत अवघड निवड असते ती अर्ध्या बऱ्या झालेल्या मोठ्या खेळाडूची. चाहते तिथे हमखास दुभंगतात. २०२२ च्या अंतिम सामन्याआधी दोन्ही क्लबांपुढे एकच प्रश्न होता. सिडनीच्या सॅम रीडला उपांत्य सामन्यात जांघेच्या स्नायूची इजा झाली होती. त्याला खेळवलं, आणि सामना संपण्याआधीच बाहेर काढावं लागलं. जिलाँगच्या मॅक्स होम्सची हॅमस्ट्रिंग दुखावली होती. तो तरणाबांड, फॉर्मात असलेला, तरी त्याला बसवून मार्क ओ'कॉनरला घेतलं. जिलाँग ८१ गुणांनी जिंकलं. एवढ्या फरकात एका माणसामुळे निकाल फिरला असं कुणी म्हणू नये. पण दुखऱ्या माणसाबरोबर संघाच्या अदलाबदली आणि त्याच्या साथीदारांचे पायही खर्ची पडतात, हे त्या दिवशी दिसलं.

तीन वर्षांनी त्याच प्रश्नाचं उत्तर उलटं निघालं. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिस्बेन बाद फेरीतल्या पहिल्या सामन्यात जिलाँगकडून ३८ गुणांनी हरलं. पराभवाहून मोठा धक्का म्हणजे लॅची नीलची पोटरी गेली. हंगामातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा जिंकलेला, मधल्या फळीचा कणा. त्याचा हंगाम संपला असंच सगळ्यांनी धरलं. पहिल्या चारांत असल्यामुळे ब्रिस्बेनला आणखी एक संधी होती. नीलशिवाय त्यांनी गोल्ड कोस्टला हरवलं, मग कॉलिंगवूडला, आणि २७ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा जिलाँगसमोर उभे राहिले. तेव्हा नील परत आला. जिंकत आलेला संघ मोडून त्याला का घ्यायचं, हा प्रश्न रास्त होता. प्रशिक्षक क्रिस फेगन यांनी त्याला सुरुवातीच्या बावीस जणांत न घेता तेविसावा, म्हणजे बदली खेळाडू, म्हणून ठेवलं. २०२३ पासून हा बदली खेळाडू दुखापत नसतानाही, डावपेच म्हणून, एकदाच उतरवता येत असे. पोटरी एका अर्धापुरतीच टिकेल असं वाटत असेल, तर अर्धाच सामना खेळवायचा. मध्यंतरानंतर नील उतरला, त्याने गोलही केला, आणि ब्रिस्बेन ४७ गुणांनी जिंकलं.

२०२६ पासून तेविसावा माणूस असा वेगळा राहिलेला नाही. बदली खेळाडूचा नियम काढून बाकावर पाच जण ठेवण्याची पद्धत आली. आता पोटरी जेमतेम भरलेला खेळाडू घ्यायचा तर तो पहिल्या क्वार्टरपासूनच अदलाबदलीच्या हिशेबात येतो. त्याला दुसऱ्या अर्धासाठी जपून ठेवायचं म्हटलं, तर पहिल्या अर्धात बाकीच्यांनी एक पाय कमी धरून धावायचं. हरल्यानंतरच्या गुरुवारी एखादं मोठं नाव दुखापतीतून 'आत' आलेलं दिसलं, तर आधी बाकावरची उरलेली चार नावं पाहावीत: त्यांत लांब पल्ल्याचे धावणारे किती आहेत, आणि त्या मोठ्या नावासाठी बाहेर गेलेला माणूस नेमकं कोणतं काम करत होता.